राखेचं माप

जून लागला की स्कर्दूहून मर्ज़ियाबाजी येते
आणि मी तिच्या काठ्या वाहतो.
बर्फात गिरमिटानं भोक, भोकात काठी, काठीवर लाल खूण.
पंधरवड्यानं काठी किती उघडी पडली ते मी मोठ्यानं वाचतो,
ती वहीत लिहिते.
काम एवढंच. रोजचे हजार रुपये आणि दोन वेळची डाळ.

स्वच्छ बर्फातली काठी कमरेपर्यंत वर आली.
जीपच्या रस्त्याची धूळ बसलीय तिथं, नखाच्या जाडीची,
काठी गळ्याशी.
आणि जिथं हातभर दगडगोटे पसरलेत
तिथली, चार बोटं.

बाजी सांगते, काळं ऊन पितं.
थर पातळ असला तर प्यायलेलं लगेच खाली उतरवतो.
जाड असला तर स्वतःपाशीच ठेवतो,
रात्री आभाळाला परत करतो.
मी मान डोलावतो.
हे तर आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मार्चमध्ये बायका शेतातल्या बर्फावर चुलीची राख फेकतात
चिमटीचिमटीनं, मीठ टाकावं तशी;
मूठ सैल सुटली की सासू ओरडते.
आणि आजे लोक नवी हिमनदी लावायचे तेव्हा
एक तुकडा काळ्या नराचा, एक पांढऱ्या मादीचा,
वर कोळसा, भुसा, दगड,
आणि परतताना कुणी मागं पाहायचं नाही.
राखेखाली निखारा ठेवतात ना, तसंच.
फक्त उलटं.

सिबतैन वरच्या वळणाखाली आहे.
दरड आली तेव्हा तो याक शोधायला गेला होता.
याक संध्याकाळी आपला आपण आला.

नऊ वर्षं झाली.
आजूबाजूचा बर्फ तीन पुरुष खाली बसला,
दरडीचा पट्टा होता तिथंच उंच.
गावातून दिसतो.
अनो धुणं वाळत घालताना तिकडे पाठ करते.

मागच्या उन्हाळ्यात खालच्या धुळकट पट्ट्यात
कुणा जुन्या हमालाची किटली निघाली.
आधी चोच. आठवड्यानं कान.
अनो रोज बघायला जायची, दुसऱ्याच्या घरी बाळंतपणाला जावं तशी.
किटली पूर्ण मोकळी झाली त्या दिवशी
तिनं मर्ज़ियाला चहा दिला आणि विचारलं,
"किती जाडीला देतो तो?"
"नखाएवढ्या."
"आणि त्याच्यावर?"
बाजी माझ्याकडे बघायला लागली.
"दोन पुरुष. जास्तच."
"म्हणजे जपतोय."
"जपतोय असं नाही, अनो. वितळत नाहीये, इतकंच."

मग तिला राहवलं नाही, खरं तेही सांगितलं:
दगडांच्या मधे तळी साचतात,
तळ्याकाठी बर्फाचा कडा उघडा पडतो,
आणि कडा मागे मागे खात जातो,
वर दगड कितीही असोत.
"वर्षाला किती?"
"आठ-नऊ पावलं."
"माझ्या मुलापासून किती लांब आहे?"
हे वहीत नव्हतं. मी चालून आलो होतो.
"दोनशे," मी म्हणालो.

अनो बोटांच्या पेरांवर मोजत बसली.
एक हात संपला, दुसरा संपला,
परत पहिल्यावर आली.
तिला एकसष्टावं लागलंय.

त्या हिवाळ्यात तिनं राख फेकली नाही.
तुपाचे डबे भरले, अकरा,
दाराशी रांगेत. मी काही विचारलं नाही.
वाटलं, वितळू लागलं की म्हणेल, पाठीला लाव, वर चल.
दोन पुरुष दगडांवर अकरा डबे राख!
मी नाही म्हणणार नव्हतो.

मार्चमध्ये एका सकाळी डबे रिकामे
आणि आमचं शेत काळं.
फार दाट फेकली होती, काही ठिकाणी बर्फ तसाच अडून बसला,
पण बाकीच्या सऱ्या आठवडाभर आधी उघड्या झाल्या.
सातू पेरला. बरा आला.

आता मी काठ्या वाचून उतरलो की
ती काठ्यांचं विचारत नाही.
"कडा?"
"मागच्या जूनपासून सात," मी सांगतो.
"सातच?"
ती चहात मीठ घालते, चिमटीनं,
आणि थोडं परत काढते.